पंचेचाळीस मीटरांचा फरक

भाऊंच्या दुकानावर ‘मीटर दुरुस्ती’ एवढीच पाटी होती. कुणाचं नाव नाही, ‘प्रोप्रायटर’ नाही, चित्र नाही. मोटारसायकलच्या वेगाचा काटा अडकला, लटपटला किंवा भलतंच काही सांगायला लागला की आजूबाजूच्या वीस गावांतले लोक ती पाटी शोधत येत. तोंडावर सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि पाठीमागे काटेकोर. मी दोन्ही तोंडावरच म्हणायचो, कारण मी त्यांच्या दुकानाच्या डोक्यावर राहत होतो आणि डोक्यावर बसलेल्याला एवढी मुभा असते.

मी नाटकातला माणूस. अठ्ठावीस वर्षं रंगमंचावर काढली, त्यातली बरीचशी सिंहासनावर बसून. कंपनी बंद पडली तेव्हा मुकुट परत करावा लागला, पण भाऊंनी मला शेवटपर्यंत ‘राजे’च म्हटलं. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला मोजता आलं नाही आणि जगातलं सगळं मोजणाऱ्या त्या माणसाने मला ते कधी सांगितलं नाही.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर मीटर उघडा पडलेला. डोळ्याला भिंग लावून भाऊ त्यावर असे वाकलेले असत, की येणाऱ्याला आधी त्यांचं टक्कलच भेटे. मीटरच्या पोटात काय असतं ते त्यांनीच मला शिकवलं. चाकाकडून केबल येते, ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला शिवत नाही, पण त्याच्या ओढीने वळायला बघते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो आपला वेग.

“म्हणजे संसारच की राजे,” भाऊ म्हणायचे. “एक पुढे ओढतो, एक मागे. दोघांनी नेमकं ओढलं तर आकडा बरोबर.”

आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज यायचा, “कोण कुठे ओढतं तेही सांगा की एकदा!”

मीटर टेबलावर कितीही गुणी वागला तरी भाऊ त्यावर विश्वास ठेवत नसत. टेबलावरची ती तालीम, प्रयोग रविवारी सकाळी. गावाबाहेर एक सरळ, सपाट रस्ता होता. त्यावर चौदाचा आणि पंधराचा असे किलोमीटरचे दोन दगड होते. काटा साठावर धरून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत गेलं तर बरोबर साठ सेकंद लागले पाहिजेत. साठाला साठ. गाडी भाऊ चालवत आणि मागे मी, हातात स्टॉपवॉच घेऊन. एकाची नजर काट्यावर, दुसऱ्याची दगडावर. रस्त्याकडे दोघांपैकी कुणीच बघत नसे, तरी आम्ही जगलो, ही वहिनींच्या मते त्यांची पुण्याई.

हे काम त्यांनी मलाच का दिलं? एकदा मी त्यांना सांगितलं होतं, की टाळी कधी येणार हे मला टाळीच्या अर्ध्या सेकंद आधी कळायचं. ते म्हणाले, “मग दगड आल्यावर बटण दाबायला तुम्हाला जड नाही जाणार.” झालं. तेव्हापासून दर रविवारी मी हेल्मेट घालून, छाती काढून मागे बसायचो आणि दगड आला की खणखणीत आवाजात ‘आता!’ म्हणायचो. एवढ्या जोरात म्हणायची गरज नव्हती. पण एक शब्द मिळाला आहे तर तो नीट म्हणावा.

जाताना एकदा, येताना एकदा. साठ सेकंद आले तर ठीक. नाही तर मीटर पुन्हा टेबलावर, पुढच्या रविवारी पुन्हा रस्त्यावर. लोक वैतागत. “अहो भाऊ, एका सेकंदाने काय होतंय?” भाऊ म्हणत, “तुम्हाला काही होत नाही. मला होतं.”

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती त्यांच्या सुनेची.

भाऊंचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर होता, वर्षातले आठ महिने पाण्यात. त्याची मोटारसायकल अंगणात नुसती उभी राहायची. सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. एक दिवस बस चुकली म्हणून तिने ती गाडी काढली आणि पुन्हा काही बसची वाट बघितली नाही. शेजारपाजारच्या बायकांनी वहिनींना विचारलं, “सून फटफटी चालवते?” वहिनी म्हणाल्या, “मग काय ढकलत नेईल?”

भाऊ मात्र हरखले होते. सुनेचा हात त्यांना फार आवडला. नवशिक्याची गाडी धावते, थबकते, पुन्हा धावते. हिची तशी नव्हती. त्यांनी तिला शिकवायला घेतलं. मीटरच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली आणि फक्त पन्नासचा आकडा उघडा ठेवला. “चढ असो, उतार असो, वारा असो, काटा या फटीतून बाहेर जाता कामा नये.” सहा महिन्यांत ती अशी तयार झाली, की भाऊ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “आमची सून पन्नासवर गाडी धरते, तेव्हा काट्याला वाटतं आपल्याला खिळा मारलाय.”

हे सगळं चाललं होतं एका स्पर्धेसाठी. मोटारसायकलवाल्यांच्या मंडळाची ती स्पर्धा पळण्याची नव्हती, नेमकं चालण्याची होती. शंभर किलोमीटरचा रस्ता, ताशी पन्नासचा वेग, म्हणजे बरोबर दोन तास. मनगटी घड्याळं निघण्याआधी काढून घेत आणि पाकिटात घालून मोहोर लावत. फोन त्या काळी भिंतीला टांगलेले असत, त्यांची भीती नव्हती. भरवसा फक्त काट्याचा आणि हाताचा. जो दोन तासांच्या सर्वांत जवळ पोहोचेल तो जिंकला. पहिल्या दोघांची मोठ्या संघात निवड होणार होती. आदल्या रविवारी भाऊंनी तिचा मीटर तिसऱ्यांदा तपासला. जाताना साठ, येताना साठ. मी स्वतः बटण दाबलं होतं.

स्पर्धेच्या गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ती थेट दुकानात आली तेव्हा मी तिथेच होतो. दोन गिऱ्हाइकंही होती. तिचा चेहरा बघूनच मी हातातला चहा खाली ठेवला.

“साडेपाच मिनिटं उशीर,” ती म्हणाली. “विसावी आले.”

भाऊंनी भिंग काढलं. “कुठे थांबलीस?”

“कुठेच नाही.”

“मग वाटेत कुठेतरी हात ढिला पडला असेल.”

“नाही पडला बाबा. काटा पन्नासवरून हलला नाही. आणि अंतराचे आकडे बघा, बरोबर शंभर किलोमीटर वाढलेत. रस्ता बरोबर, काटा जागेवर, मग वेळ कशी चुकली?”

“अंतराचे आकडे दात्यांच्या चाकांवर फिरतात, ते चुकत नाहीत. काटा मी लावलाय, तोही चुकत नाही. राहिलं काय?” भाऊंनी गिऱ्हाइकांकडे बघितलं. “हात राहिला.”

“हात तुम्हीच शिकवलात.”

“शिकवलेलं सगळ्यांकडे टिकतंच असं नाही, सूनबाई.”

एरवी ते तिला ‘पोरी’ म्हणायचे. तिने हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे रोज सकाळी यंत्राला आधी एक माहितीचा नमुना देतात. उत्तर ठाऊक असलेला. यंत्र बरोबर उत्तर देतंय का ते बघायला. आणि महिन्यातून एकदा तो नमुनासुद्धा तपासतात, तो खराब झाला नाही ना म्हणून. तुमच्या दगडाला कोण तपासतं?”

“दगडाला?” भाऊ हसले. “अगं, दगड आहे तो! दही आहे का खराब व्हायला?”

गिऱ्हाइकं खो खो हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. ती मात्र हसली नाही. हेल्मेट उचललं आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून मोटारसायकलवर जुनी चादर पडली आणि ती पुन्हा बसने जायला लागली. घरात भांडण नव्हतं. भांडण परवडलं असतं. चहा वेळेवर यायचा, पण टेबलाच्या कडेला ठेवला जायचा, हातात दिला जायचा नाही. बोलणी सगळी वहिनींमार्फत. “आई, बाबांना विचारा भाकरी वाढू का.” भाऊ समोरच बसलेले. “तिला सांग, अर्धी.” वहिनी एक दिवस कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मला काय पोस्टमन समजलात? तिकीट लावा आता दोघांनी!”

मग कळलं, की ती गाडी विकतेय. नवऱ्याला पत्र लिहून तिने विचारलं होतं आणि त्याने ‘तुला वाटेल तसं कर’ म्हणून कळवलं होतं. वर्तमानपत्रं टाकणाऱ्या एका माणसाला गाडी पसंत पडली होती. येत्या रविवारी अकरा वाजता तो न्यायला येणार होता. भाऊंना हे वहिनींकडून कळलं. त्या आठवड्यात त्यांनी एका मीटरची स्प्रिंग दोनदा तोडली. त्यांच्या हातून स्प्रिंग तुटताना मी तोवर एकदाही पाहिली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी सून जिना चढून माझ्याकडे आली. हातात मंडळाच्या निकालाचा कागद.

“काका, हे बघा. आपल्या गावचे आठ जण होतो. सहा जणांना उशीर झाला. सगळ्यांना पाच ते सहा मिनिटं. दोघंच वेळेवर आले. नवीन आलेले शाळामास्तर आणि आपला न्हावी.”

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि ती दोन नावं पुन्हा वाचली. मास्तरांना गावात येऊन दोनच महिने झाले होते. आणि न्हाव्याने बारा वर्षांत भाऊंच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. एकदा केस कापून उठताना भाऊंनी त्याला सांगितलं होतं, की उजवा कल्ला डाव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली उतरलाय. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, “मग पुढच्या वेळी फूटपट्टीनेच करून घ्या.” तेव्हापासून त्याच्या गाडीचा मीटर भाऊंच्या हाताखाली आलाच नव्हता.

बाकीचे सहाही मीटर भाऊंनी तपासलेले. सहाही वेळा मागे मी.

“सहा जणांचे हात एकाच दिवशी कसे ढिले पडतील, काका?” ती म्हणाली.

“मग तू जा, मोज तो रस्ता. मी येतो टेप धरायला.”

तिने मान हलवली. “मी मोजून आणलं तर त्यांना ते माझ्या तोंडून ऐकावं लागेल. ते नको. त्यांनीच मोजू दे. तुम्ही फक्त त्यांना तिथपर्यंत न्या.”

तिचं मन एवढं दुखावलं होतं, तरी सासऱ्याला खाली बघायला लागू नये एवढी जागा तिने त्यात राखून ठेवली होती. मी नाटकात पुष्कळ उदार माणसं केली, पण त्यांचं औदार्य कुणीतरी लिहून दिलेलं असायचं.

शनिवारी मी भाऊंसमोर बसलो. म्हटलं, “भाऊ, एक गोष्ट सांगतो. एका प्रयोगात मी ठरलेल्या जागी उभा राहिलो, भाषण सुरू केलं, आणि प्रकाश पडला माझ्या डावीकडे, दोन हात लांब. सगळं थिएटर रिकाम्या जागेकडे बघतंय आणि राजा अंधारात ओरडतोय. माझी काही चूक नव्हती. दिवेवाल्याचीही नव्हती. दुपारी झाडूवाल्याने खडूची खूण पुसली होती आणि अंदाजाने पुन्हा काढली होती.”

“बरं मग?”

मी निकालाचा कागद पुढे सरकवला. भाऊंनी तो वाचला. पुन्हा वाचला. न्हाव्याच्या नावावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

“दगड सरकारी आहे राजे,” ते म्हणाले. “तुमच्या नाटकातल्यासारखा पुठ्ठ्याचा नाही.” आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

“म्हणून तर मोजायला हरकत नाही.”

रविवारी सकाळी नऊला आम्ही रस्त्यावर होतो. गवंड्याकडून आणलेली तीस मीटरची पोलादी टेप. भाऊंनी तेहतीस खडे मोजून डाव्या खिशात घातले. तेहतीस वेळा टेप आणि वर दहा मीटर, म्हणजे किलोमीटर. दर टेपला एक खडा उजव्या खिशात जाणार. मी मागचं टोक धरायचं, त्यांनी पुढचं. रस्त्यावर खडूची रेघ मारायची आणि पुढे सरकायचं. चाळीस मिनिटं हेच चाललं. रेघ आली तरी मी ‘आता!’ म्हटलं नाही.

पंधराचा दगड आला. भाऊ थांबले. डाव्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला. तळहातावर दोन खडे शिल्लक होते.

शेवटची टेप पुरती ताणायला जागाच नव्हती. पंचवीस मीटरांवर दगड. एकतीस वेळा तीस आणि वर पंचवीस. नऊशे पंचावन्न.

“उलटं मोजू,” भाऊ म्हणाले.

उलटंही नऊशे पंचावन्नच आलं.

पंधराच्या दगडाच्या पुढे एक छोटा पूल होता, पावसाचं पाणी रस्त्याखालून जायला केलेला. भाऊ दगडापासून एक पूर्ण टेप आणि वर पंधरा मीटर मोजत पुढे गेले आणि खाली बघितलं. ते पुलाच्या बरोबर मध्यावर उभे होते. पुलाच्या कठड्यावर तो बांधल्याचं वर्ष कोरलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं.

“पूल इथे बांधला,” ते हळू म्हणाले. “दगड मध्ये आला. उपटला आणि अलीकडे मऊ जागा बघून पुरला.” ते कठड्यावर बसले. “राजे, तुम्हाला आठवतं? अकरा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीचा मीटर अचानक चुकायला लागला होता. साठावर धरला तरी तुमच्या घड्याळात सत्तावन्न यायचे.”

मला लख्ख आठवलं. त्या दिवशी मी तीन तीन वेळा बटण दाबलं होतं. तेव्हा भाऊ म्हणाले होते, “चुंबक म्हातारं झालं की काटा कमी दाखवायला लागतो. आपण तरी कुठे तरुण राहिलोय?” आम्ही हसलो होतो. त्यांनी चुंबकाला पुन्हा जोर दिला होता आणि पुढच्या रविवारी साठाला साठ आले होते.

“माझा मीटर तेव्हा खरं बोलत होता,” भाऊ म्हणाले. “ओरडून सांगत होता मला. मी त्याचंच तोंड बंद केलं. आणि नंतर अकरा वर्षं जो जो मीटर खरा निघाला, तो तो बिघडवून परत दिला.”

मी टेप गुंडाळायला घेतली. मग म्हटलं, “पण भाऊ, काटे जास्तच दाखवतायत ना? साठ दाखवतात, गाडी जाते सत्तावन्नने. लोक उलट जपूनच चाललेत. कुणाचं काही बिघडलं नाही.”

“बिघडलं,” ते म्हणाले आणि उठले.

घरी पोहोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. सून अंगणात गाडी पुसत होती, विकायच्या आधी माणूस पुसतो तशी, सगळे कोपरे. वहिनी दारात उभ्या. भाऊ टेपचं वेटोळं हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले.

“तुझा हात बरोबर होता,” ते म्हणाले.

“माहितीये,” ती म्हणाली. पुसणं थांबलं नाही.

“दगड सरकलाय. पंचेचाळीस मीटर.”

तिचा हात थांबला. “एवढा?”

“एवढा. पण मी बोललो ते दगड नाही बोलला. ते मी बोललो.”

तिने फडकं पिळलं आणि बादलीच्या कडेला ठेवलं. “तुम्ही चार लोकांसमोर बोललात, बाबा.”

तेवढ्यात वर्तमानपत्रवाला आला. खुशीत होता. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली. “वा! आणि मीटर तर काय, भाऊंच्या हातचा. डोळे मिटून घेतो.”

“डोळे उघडा,” भाऊ म्हणाले. “मीटर चुकीचा आहे.”

“आँ? पण तुम्हीच तपासलाय की!”

“म्हणूनच चुकीचा आहे.”

तो माणूस आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघायला लागला. “भाऊ, गाडी विकायची नसेल तर सरळ सांगा ना. घरातल्या घरात थट्टा कशाला?”

“थट्टा नाही. अकरा वर्षं मी मोजलेला किलोमीटर आखूड होता. तुमची आत्ताची गाडीही माझ्याकडूनच तपासून नेली होतीत ना, चार वर्षांपूर्वी? तीही चुकीची आहे. आणि आमच्या सुनेचा हात ढिला आहे असं मी दुकानात बोललो होतो, तेही चूक. गल्लीत पेपर टाकता ना रोज? मग हेही टाका घरोघर.”

भाऊंचे कान लाल झाले होते. मी हजारो लोकांसमोर बोललो आहे. एका पेपरवाल्यासमोर असं उभं राहणं मला जमलं असतं की नाही, कोण जाणे.

पेपरवाल्याने सुनेकडे बघितलं. “ताई, मग मी नेऊ की नको?”

तिने भाऊंकडे बघितलं. मग बादली उचलली. “आज नको,” ती म्हणाली. “मीटर दुरुस्त व्हायचाय.”

वहिनी दारातूनच म्हणाल्या, “चला, माझी पोस्टातली नोकरी सुटली.”

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर खडूने लिहिलेला फळा लागला. ‘गेल्या अकरा वर्षांत इथे तपासलेले सर्व मीटर वेग जास्त दाखवतात. चूक माझी आहे. परत आणावेत, दुरुस्त करून मिळतील.’ अक्षर एकसारखं, ओळी सरळ. लोकांनी वाचलं आणि भाऊंना वेड लागलंय म्हणून आधी वहिनींकडे चौकशी केली. काही आले. काहींनी वाद घातला. एक दूधवाला तर हात जोडून म्हणाला, “भाऊ, मला नका दुरुस्त करू. बायकोला सांगितलंय मी साठने जातो. आता सत्तावन्न निघाले तर घरात माझी काय इज्जत राहील?” न्हावीही आला. तो मीटर दाखवायला आला नव्हता, फळा वाचायला आला होता. त्याने तो दोनदा वाचला, दुकानात डोकावला आणि म्हणाला, “कानांमागचे केस वाढलेत तुमचे भाऊ. या कधी.” भाऊ गेले. या वेळी कल्ल्यांबद्दल काही बोलले नाहीत, असं मला न्हाव्याने सांगितलं. काही बोलले असते तरी त्याला वाईट वाटलं नसतं, असंही सांगितलं.

नवा किलोमीटर सुनेने आखला. दगडांच्या नादाला लागायचंच नाही, असं तिने ठरवलं. रस्त्यावरच पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे मारले. टेपने तीनदा मोजलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा मोजायचं, असा नियम घातला. भाऊंनी तो नियम टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून लावला. फळा वर्षभर तसाच होता. पुसट झाला की ते पुन्हा गिरवायचे. किती मीटर परत आले? तीन-चारशेमधले साठ-सत्तर असतील. बाकीचे अजून आखूड किलोमीटरवर फिरत असतील, नाही तर भंगारात गेले असतील. ही गोष्ट भाऊंना शेवटपर्यंत सलत राहिली. आम्ही कितीही समजूत घातली तरी तो सल गेला नाही, आणि जावा असं मला आता वाटतही नाही.

सुनेने स्वतःची गाडी रांगेत शेवटी ठेवली होती. आधी लोकांच्या. तिची पाळी आली ती दोन महिन्यांनी, एका रविवारी. मी सवयीने हेल्मेट घातलं, तर भाऊ म्हणाले, “राजे, आज तुम्ही बसा बाजूला. घड्याळ द्या.”

मी पांढऱ्या पट्ट्याशेजारी झाडाखाली बसलो. गाडी ती चालवत होती. मागे भाऊ, हातात स्टॉपवॉच, मान तिच्या खांद्यावरून पुढे काढलेली. सुनेच्या मागे बसलेले ते मी पहिल्यांदाच बघत होतो. गाडी सरळ रेषेत आली, आवाजात चढ नाही, उतार नाही, पट्टा ओलांडून पुढे गेली आणि वळून माझ्यासमोर थांबली.

“एकसष्ट,” भाऊ म्हणाले.

सुनेने हेल्मेट काढलं. चेहरा पडला होता. “एक सेकंद जास्त. शेवटी हात जरा ढिला सोडला असेन मी, बाबा.”

“नाही,” भाऊ म्हणाले. ते खाली उतरले आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. “पूर्ण रस्ता मी तुझा हातच बघत होतो, पोरी. तो नाही. काटा अजून जास्त दाखवतोय. उघडू या.”